नवीन खिडक्या घेताना: नाव कंपनीचं, पाणी कोणाचं?

बोरिवली पूर्वेला, हायवेच्या कडेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आमचं घर आहे. तोंड पश्चिमेला. मुंबईचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना एवढं पुरे. नैर्ऋत्येचं वारं सुटलं की झड थेट काचेवर येते. खिडक्या बिल्डरने नव्वदच्या दशकात लावलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंगच्या. कारागीर ज्याला ‘थ्री-फोर्थ सेक्शन’ म्हणतात त्या. जून ते सप्टेंबर त्यांच्या ट्रॅकमध्ये जुने पंचे कोंबायचे आणि झोपण्यापूर्वी पिळून परत कोंबायचे, हा घरातला नेम. हायवेची वर्दळ होतीच, २०२२ पासून समोर मेट्रोही धावायला लागली. हॉलच्या खिडकीखालच्या कपाटाचा प्लाय फुगून त्याचं दार लागेनासं झालं, तेव्हा नवरा म्हणाला, “एकदाच काय ते चांगल्या कंपनीचं घेऊ. परत बघायला नको.”

चांगली कंपनी कुठली, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, तेव्हा आकडे बघून ठरवता येईल असं घरच्यांना वाटलं. मलाही.

पहिल्या काही शोरूम्स बघितल्यावर कळलं की ज्यांची तुलना करायला निघालो त्या एका जातीच्या वस्तूच नाहीत. फेनेस्टा ही डीसीएम श्रीरामची. राजस्थानात कोट्याला त्यांचं पीव्हीसी रेझिनही तयार होतं आणि प्रोफाइलही. खिडकी त्यांच्याच कारखान्यात जुळते आणि बसवायची माणसंही तेच पाठवतात. रेहाऊ, वेका, कोमर्लिंग ही जर्मन नावं, डेकोनिंक बेल्जियमचं. ही मंडळी मुख्यतः प्रोफाइल विकतात, म्हणजे यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) लांबलचक पोकळ पट्ट्या. त्या कापून, लोखंड भरून, कोपरे वितळवून जोडून खिडकी बनवतो तो फॅब्रिकेटर, वसईत नाहीतर भिवंडीत. पाटी जर्मन नावाची आणि बिल फॅब्रिकेटरच्या फर्मचं. अ‍ॅल्युमिनियममध्ये एटर्निया ही हिंडाल्कोची. टोस्टेम जपानच्या लिक्सिलची (ग्रोहेचे नळ ज्यांच्याकडे आहेत तेच हे लोक), माल थायलंडच्या कारखान्यातून येतो. शुको जर्मनीतल्या बीलेफेल्डची. तिची सिस्टीम, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या पट्ट्या, रबर आणि हार्डवेअर यांचा ठरलेला संच, घेऊन खिडकी करून देणारा पुन्हा वेगळाच.

म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायला लागले: “पाणी आत आलं, तर मी फोन कोणाला करायचा?” उत्तरं ऐकण्यासारखी होती. एका ठिकाणी, “मॅडम, आमच्या खिडकीतून पाणी येतच नाही.” दुसऱ्या ठिकाणी, “प्रोफाइलची वॉरंटी कंपनीची, हार्डवेअरची हार्डवेअरवाल्यांची, काचेची काचवाल्यांची.” मग खिडकीची? त्यावर तो मुलगा प्रामाणिकपणे हसला. हा एक प्रश्न विचारल्यावर माझ्या वहीतली निम्मी नावं आपोआप खाली गेली, आणि त्याचा संबंध प्रोफाइल जर्मन की देशी याच्याशी फारसा नव्हता.

कंपनीच्या आधी खिडकीचा प्रकार ठरवावा लागतो, हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्लायडिंग खिडकीत दोन झडपा एकमेकींशेजारून सरकतात, म्हणून मधे फट ठेवावीच लागते आणि ती फट केसाळ ब्रशने बुजवतात. दारासारखी उघडणारी केसमेंट खिडकी रबराच्या गॅस्केटवर दाबून बसते; हँडल फिरवलं की चारी बाजूंचे खटके एकदम लागतात. पाणी, धूळ, आवाज या तिन्हींसाठी केसमेंट उजवी, यात वाद नाही. मग सगळ्यांनी केसमेंटच का नाही घ्यायची? कारण ग्रिल. आमच्या सोसायटीत बाहेरून एकाच नक्षीचं ग्रिल आहे आणि ते काढायला परवानगी नाही. म्हणजे झडप बाहेर उघडणार नाही, आतच उघडणार. आत उघडली की पडदा आडवा येतो, पडद्याची दांडी आडवी येते, सोफ्याची पाठ आडवी येते, आणि डासांची जाळी मग बाहेरच्या अंगाला लावावी लागते.

शेवटी बेडरूमला टिल्ट अँड टर्न आणि हॉलला स्लायडिंग असं ठरलं. टिल्ट अँड टर्नचं हँडल आडवं केलं की झडप दारासारखी आत उघडते, हँडल वर केलं की वरच्या बाजूने थोडी आत कलते. पाऊस सरळ पडत असताना कललेल्या खिडकीतून हवा येते आणि पाणी येत नाही, हे प्रकरण मला फार आवडलं. हॉलची खिडकी आठ फूट रुंद. तिथे संध्याकाळी सगळी खिडकी सताड उघडून बसायची आमच्या सासूबाईंची सवय, आणि आत उघडणारी झडप त्यांच्या खुर्चीच्या डोक्यावर आली असती. तेव्हा तिथे स्लायडिंगच.

शोरूममधल्या प्रात्यक्षिकांबद्दल थोडं. बहुतेक ठिकाणी एक पेटी असते, आत कर्कश भोंगा वाजत असतो, झाकण लावलं की आवाज गायब. शेजारी लाल दिव्याची पेटी, काचेवर हात ठेवा, बघा गरम लागत नाही. दोन्ही खरी आहेत, पण त्या पेटीला लावलेली काच घट्ट बसवलेली असते. आपण घेणार सरकणारी खिडकी, आणि सरकणाऱ्या खिडकीचा भोंगा मला कुणीच ऐकवला नाही. आवाजाचं गणित निर्दय आहे. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट राहिली, तरी उरलेली ९९ टक्के काच कितीही भारी असो, आवाज साधारण २० डेसिबलच्या पलीकडे कमी होत नाही. आमच्या बेडरूमची खिडकी पाच बाय चार फुटांची. तिच्या चारी बाजूंनी आणि मधल्या जोडावर तीनेक मिलिमीटर फट धरली की १ टक्का भरतो. जुन्या खिडकीत पोस्टकार्ड आरपार जायचं.

काचेच्या बाबतीत प्रत्येक विक्रेता डबल ग्लेझिंगवर, म्हणजे दोन काचा आणि मधे कोंडलेली हवा, यावर येऊन थांबतो. एसीच्या बिलासाठी ती चांगली. ६ मिलिमीटरची एक काच जिथे दर चौरस मीटरला, दर अंशाला साडेपाच-पावणेसहा वॅट उष्णता जाऊ देते, तिथे ६-१२-६ ची जोडकाच पावणेतीनच्या आसपास आणते. पण हायवेच्या आवाजाला हे औषध नाही. दोन सारख्या काचा आणि मधे १२ मिलिमीटर हवा ही रचना स्वतःच २०० हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि बस-ट्रकच्या इंजिनाची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत असते. त्यापेक्षा लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमधे पीव्हीबीचा चिकट पापुद्रा, तो कंप मारते. फुटली तरी तुकडे सहा मजले खाली रस्त्यावर जात नाहीत. मी बेडरूमला ५ अधिक ५ ची लॅमिनेटेड सांगितली. मग वजनाचा हिशेब आला: काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. झडपेत नुसती काचच वीस-बावीस किलो. तेव्हा बिजागऱ्या किती किलोच्या, हे विचारा. मी विचारलं तेव्हा एका कोटेशनमधलं हार्डवेअर मुकाट्याने बदललं गेलं आणि दर वाढला.

आता पाणी. मूळ दुखणं तेच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गावर जातो. वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, पास्कल मिळतात. पावसाळी वादळात सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरचा झोत धरला तर २४० पास्कल. आणि १० पास्कल म्हणजे जवळजवळ १ मिलिमीटर पाण्याची उंची. म्हणजे तो झोत ट्रॅकमधलं पाणी २४ मिलिमीटर वर उचलून धरतो. ट्रॅकची आतली भिंत त्याहून बुटकी असेल तर पाणी घरात येणारच, मग पट्टीवर कुणाचंही नाव असो. आमच्या जुन्या ट्रॅकची भिंत मी मोजली. तिथे इंचाचा विषयच नव्हता.

म्हणून मी शोरूममध्ये पट्टी घेऊन जायला लागले. विक्रेते रंग दाखवत, मी वाकून ट्रॅकची आतली उंची मोजत असे. पाणी बाहेर जायची भोकं किती आणि त्यांवर वाऱ्याने बंद होणारी टोपी आहे का, तेही बघत असे. युरोपीय चाचणीत पाण्यासाठी वर्ग असतात: ४ए म्हणजे १५० पास्कलपर्यंत गळती नाही, ७ए म्हणजे ३००, ९ए म्हणजे ६००. माझ्या हिशेबाने आम्हाला ७ए तरी हवा. “चाचणीचं प्रमाणपत्र दाखवा” म्हटलं की बहुतेकांकडे असतं, पण ते कुठल्या खिडकीचं, हे वाचावं. मला मोठ्या कौतुकाने दाखवलेलं एक ९ए केसमेंटचं होतं आणि माझ्या हातातलं कोटेशन स्लायडिंगचं. वाऱ्याच्या चाचणीचा आकडा वेगळा असतो, त्यात गल्लत करू नये. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, पुण्यासाठी ३९. तो काच आणि चौकट टिकावी म्हणून, पाणी थांबावं म्हणून नव्हे.

हॉलसाठी मात्र यूपीव्हीसी मागे पडलं, असं माझं मत झालं. दर्जाचा प्रश्न नव्हता. आठ फुटांच्या खिडकीला यूपीव्हीसीच्या झडपा जाड होतात आणि उजेड खातात. शिवाय पीव्हीसी उन्हात अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट फुगतं. दीड मीटरच्या पट्टीत २० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटर. पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाची फिल्म लावली तर आणखी. आणि गडद रंग आम्हाला भाग होता, कारण सोसायटीच्या ठरावात ‘बाहेरून तपकिरी’ असं लिहिलंय. सेक्रेटरी काकांना मी यूपीव्हीसीवरची रंगीत फिल्म, अ‍ॅल्युमिनियमवरचं पावडर कोटिंग सगळं समजावलं. ते म्हणाले, “ताई, खालून बघितल्यावर वेगळं दिसलं नाही म्हणजे झालं.” परवानगीचं पत्र मिळालं; अट एवढीच की राबिट रोजच्या रोज खाली न्यायचं आणि दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद.

हॉलला पावडर कोटिंगचं सिस्टीम अ‍ॅल्युमिनियम, बेडरूमला जर्मन प्रोफाइलचं यूपीव्हीसी, बाहेरून तपकिरी फिल्म. बेडरूमची झडप लहान, तिथे फुगण्याचा प्रश्न किरकोळ. प्रोफाइल बघताना मी कापलेला तुकडा मागायचे. दिसणारी बाहेरची भिंत २.८ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर युरोपीय मानकात तो ए वर्ग, २.५ असेल तर बी. आत भरलेलं लोखंड गॅल्व्हनाइज्ड आहे का आणि सगळ्या बाजूंनी आहे की फक्त लांब बाजूंना, हे तुकड्यातच दिसतं. समुद्र आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून स्क्रू आणि जाळी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, हे कोटेशनवर पेनाने लिहून घेतलं. छापील कागदावर नुसतं ‘एसएस’ होतं.

कोटेशनांची गंमत अशी की चौरस फुटाचा दर ७०० पासून २,५०० रुपयांपर्यंत सांगितला गेला, आणि दोन्ही टोकं आपापल्या जागी बरोबर होती. एकात काच साधी ५ मिलिमीटरची, जाळी वेगळी, जुनी खिडकी काढणं वेगळं, जीएसटी वेगळा. दुसऱ्यात सगळं धरलेलं, पण प्लास्टर दुरुस्ती नाही. मी एका कागदावर माझी खिडकी लिहिली: माप, काच, हार्डवेअर, जाळी, काढणं, बसवणं, सिलिकॉन, १८ टक्के जीएसटी. तोच कागद सगळ्यांना पाठवून याच्यावरच दर द्या म्हटलं. काहींनी परत फोनच केला नाही. बाकीच्यांतला फरक बराच आटला. जो उरला तो खरा नावाचा आणि नंतरच्या सेवेचा. जपानी-जर्मन नावांमध्ये हार्डवेअरचा गुळगुळीतपणा हाताला कळतो, त्याचे पैसे ज्याला द्यायचे त्याने जरूर द्यावेत. आम्ही हॉलला दिले.

बसवायला आले तेव्हा मात्र खरा धडा जुन्या भिंतीने दिला. जुनी चौकट उचकटली तर खाली संगमरवराची पट्टी सैल. बाहेरचा उंबरा घराच्या दिशेने उतरता, आणि पट्टी व भिंत यांच्यामध्ये वर्षानुवर्षांची काळी ओल. म्हणजे इतकी वर्षं जे पाणी आम्ही पंच्यांनी टिपत होतो त्यातलं बरंचसं खिडकीतून येतच नव्हतं. खिडकीखालून येत होतं. आणि वॉरंटीच्या कागदावर प्रत्येक कंपनीने, अगदी महागड्यांनीसुद्धा, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की भिंतीतून आलेल्या पाण्याला आम्ही जबाबदार नाही. नवी खिडकी तशीच ठोकून सिलिकॉन फिरवायला बसवणाऱ्यांची पूर्ण तयारी होती. त्यांचा मुकादम म्हणाला, “ताई, वरून दिसणार पण नाही.”

काम थांबवलं. ग्रिल सोडवून, दोरीवर काम करणारी माणसं बोलावून, बाहेरचा उंबरा बाहेरच्या दिशेने उतरता करून घेतला. वॉटरप्रूफिंगचा थर मारला, आणि उंबऱ्याच्या पुढच्या कडेखाली खाच पाडली, म्हणजे पाणी कडेवरून मागे भिंतीकडे न वळता तिथेच थेंब सोडतं. गवंडी वयस्कर होता. त्याला कागदावरचं काही दाखवावं लागलं नाही, म्हणाला, “पूर्वी हे सगळ्यांना करायचो, आता कोणी मागतच नाही.” या कामाचा खर्च खिडकीच्या एकूण खर्चापुढे अगदी किरकोळ होता. थर वाळेपर्यंत मात्र प्लॅस्टिक बांधून राहिलो आणि हायवे घरात आल्यासारखा वाटला.

मग चौकट बसली. चौकट आणि भिंत यांच्यात आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा, तिथे फोम, बाहेरून फोमची दोरी आणि तिच्यावर हवामानाला टिकणारं सिलिकॉन. यूपीव्हीसीच्या चौकटीभोवती फोम जास्त मारला तर तो फुगतो आणि चौकट आत वाकते, म्हणून तिरकस माप दोन्ही कर्णांवर घेऊन बघितलं. पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवलेली नाहीत ना, हेही. एका खिडकीची दोन भोकं बुजली होती. मुलाने लगेच टोचून मोकळी केली, तक्रारीची बाब नव्हे. पैसे देण्याआधी गच्चीतून पाइप सोडून अर्धा तास पाणी मारलं. बसवणाऱ्यांना ते अपमानास्पद वाटलं असावं, पण सेक्रेटरी काका खुर्ची घेऊन बघायला बसले, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

पहिल्या पावसात बेडरूम कोरडी राहिली. हॉलच्या ट्रॅकमध्ये झोत आला की पाणी चढतं, बुडबुड आवाज करतं आणि झोत ओसरला की भोकांतून निघून जातं. सासूबाई पहिल्या रात्री पंचा घेऊन धावल्या. त्यांना सांगावं लागलं की ट्रॅकमध्ये पाणी दिसणं हीच स्लायडिंगची रीत आहे, आत आलं तर बघू. एका जोरदार रात्री हॉलच्या मधल्या जोडाशी चमचाभर पाणी आत आलं, पुढे नाही. स्लायडिंगकडून मी त्याहून जास्त अपेक्षा ठेवली नव्हती. बेडरूममध्ये मेट्रो आता ऐकू येत नाही, ट्रकचा हॉर्न येतो पण लांबून आल्यासारखा. त्याऐवजी वरच्या मजल्यावरची शिवणयंत्राची घरघर आणि आमच्याच फ्रिजचा सूर ऐकू यायला लागला. खोली बंद राहिली की सकाळी कोंदट वाटतं, म्हणून रात्री पाऊस नसेल तर झडप कलती ठेवतो, आणि मग हायवे थोडासा परत येतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

इमारतीतले लोक “कुठल्या कंपनीच्या?” विचारतात. मी नाव सांगते, पण सोबत तो कागद आणि गवंड्याचा नंबरही देते. दोघांनी फक्त नाव घेतलं, एकीने गवंड्याला आधी बोलावलं. स्वयंपाकघराची खिडकी अजून जुनीच आहे. तिथे एक्झॉस्ट फॅनसाठी काचेला भोक पाडायचं की वर वेगळं पॅनेल घ्यायचं, यावर फॅब्रिकेटरचं आणि माझं जमत नाहीये. सोसायटीचं बाहेरचं रंगकाम पुढच्या वर्षी आहे. परांची बांधली की तिथला सज्जा आणि ती खिडकी एकदमच करून घेऊ.